डोमेननावाची पुनर्विक्री किंमत कशी ठरवावी

डोमेननाव, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, विकायला काढणारे बहुतेक जण किंमत नावाच्या अक्षरांत शोधतात. नाव छोटे आहे, उच्चाराला गोड आहे, सुचायला अवघड होते, म्हणून ते महाग असलेच पाहिजे, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात पुनर्विक्रीच्या बाजारात किंमत ठरते ती गिऱ्हाइकाच्या बाजूने. हे नाव नेमके कोणाला लागेल, त्याची ऐपत किती आहे आणि हे नाव मिळाले नाही तर त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून किंमत निघते. टेस्ला कंपनी अनेक वर्षे ‘टेस्लामोटर्स डॉट कॉम’ या पत्त्यावर काम करत होती. ‘टेस्ला डॉट कॉम’ तिच्या हाती आले २०१६ मध्ये, आणि त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ व १ कोटी १० लाख डॉलर लागले, असे इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या पाच अक्षरांसाठी इतकी रक्कम देणारे गिऱ्हाईक जगात बहुधा एकच होते. पण ते होते आणि त्याला गरज होती, म्हणून ती किंमत आली.

पुढील विवेचनासाठी ‘नाशिकसोलर डॉट कॉम’ हे नाव केवळ नमुना म्हणून घेतो. शहर आणि सेवा अशी जोडणी असलेली नावे सामान्य माणसाला परवडतात, त्यांची गिऱ्हाइके शोधता येतात आणि मूल्यमापनातील जवळजवळ सगळे प्रश्न त्यांच्याबाबत उभे राहतात.

आधी कागदपत्रे पाहावीत

मूल्यमापनापूर्वी आपल्या हातात नेमके काय आहे, याची खात्री करावी. डोमेननावाची मालकी म्हणजे जमिनीची खरेदी नव्हे. ठरावीक मुदतीसाठी मिळालेला आणि शुल्क भरून वाढवता येणारा तो वापराचा हक्क असतो. ‘डॉट कॉम’ नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत नोंदवता येते. नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे, आहे, मुदत कधी संपते, नोंद कोणाच्या नावावर आहे आणि हस्तांतरणावर कुलूप आहे का, हे पाहून घ्यावे. ‘डॉट कॉम’सारख्या सर्वसाधारण विस्तारांसाठी (विस्तार म्हणजे नावाचा शेवटच्या टिंबानंतरचा भाग) नोंदीची माहिती देणाऱ्या जुन्या हूइज पद्धतीची जागा जानेवारी २०२५ पासून आरडॅप या पद्धतीने घेतली आहे. नोंदणीची तारीख आणि मुदत तेथे दिसते, मालकाचे नाव मात्र बहुतेक वेळा झाकलेले असते.

अनेकांचे नाव प्रत्यक्षात संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यावसायिकाच्या खात्यात पडलेले असते. बिल आपण भरतो, पण नोंद त्याच्या नावावर असते. असे नाव कितीही चांगले असले, तरी नोंद आपल्या नावावर होईपर्यंत त्याची आपल्यासाठी विक्रीयोग्य किंमत शून्य धरावी.

नूतनीकरणाचा दरही याच वेळी तपासावा. ‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री, म्हणजे त्या विस्ताराची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था, रजिस्ट्रारांना लावते तो घाऊक दर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर झाला आणि किरकोळ दर त्याहून थोडा जास्त असतो. २०१४ नंतर आलेल्या नव्या विस्तारांतील काही नावे मात्र ‘प्रीमियम’ म्हणून राखलेली असतात आणि त्यांचे वार्षिक शुल्क कित्येक पट जास्त असू शकते. तो बोजा नव्या मालकाकडेही जातो, त्यामुळे गिऱ्हाईक तो वजा करूनच किंमत सांगते.

कायदेशीर चाळणी

दुसरी पायरी नावे बाद करण्याची आहे. एखाद्याचा ट्रेडमार्क किंवा त्याच्याशी गल्लत होईल असा शब्द नावात असेल, तर ते नाव मूल्यमापनासाठी पुढे नेऊच नये. ‘डॉट कॉम’साठी इंटरनेटवरील नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारलेले एकसमान तंटा निवारण धोरण लागू होते. तक्रारदाराने तीन गोष्टी सिद्ध केल्या, की नाव त्याच्याकडे वर्ग होऊ शकते : नाव त्याच्या चिन्हासारखे आहे, धारकाचा त्यावर वैध हक्क वा हितसंबंध नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवले व वापरले गेले आहे. ‘डॉट इन’साठी त्या विस्ताराचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचे वेगळे धोरण आहे. त्यात नोंदणी किंवा वापर यांपैकी एकच गोष्ट वाईट हेतूची असली तरी पुरते, म्हणून ‘डॉट इन’ धारकाने अधिक जपून राहावे.

आपल्याकडील न्यायालयांची भूमिकाही जुनी आणि स्पष्ट आहे. ‘रेडिफ’ या नावातील एक स्वर बदलून घेतलेल्या ‘रॅडिफ’ नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई दिली. सत्यम इन्फोवे या कंपनीच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेननावांना व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे ठरवले. त्यामुळे दोन कंपन्यांचे विलीनीकरण होणार असे ऐकून त्यांची जोडनावे आधीच नोंदवून ठेवणे, याला मी गुंतवणूक मानत नाही. आधीच नोंदवून ठेवलेल्या ‘जिओहॉटस्टार’ या जोडनावाच्या मोबदल्यात दिल्लीतील एका तरुणाने २०२४ मध्ये केलेल्या मागणीची देशभर चर्चा झाली होती. ट्रेडमार्कच्या मालकालाच नाव चढ्या भावाने देऊ करणे हा तंट्यात वाईट हेतूचा पुरावा ठरतो, हे अशा वेळी विक्रेत्याच्या ध्यानात येत नाही.

तपासणीसाठी भारतीय ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाची सार्वजनिक शोधसुविधा आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँड संग्रह, दोन्ही मोफत आहेत. शोध घेताना उच्चारसाम्यही पाहावे. ‘हापूस’सारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचे नाव वापरलेले असेल, तर त्या मालाच्या विक्रीत ते नाव कोणाला वापरता येते याचे नियम आहेत, हे गिऱ्हाइकाचा वकील विचारणारच. आपल्या नमुन्यातील नाव शहर आणि सेवा एवढेच सांगते, म्हणून ते या चाळणीतून सहसा पार पडते.

नावाची परीक्षा

आता नावाकडे वळू. सर्वांत उपयोगी कसोटी फुकट आहे : नाव फोनवरून सांगून पाहावे. घरातील एखाद्या मावशींना किंवा काकांना फोन करून नाव एकदाच उच्चारावे आणि त्यांना ते रोमन अक्षरांत लिहून पाठवायला सांगावे. पाच जणांपैकी चौघांनी बरोबर लिहिले, तर नाव भक्कम आहे. स्पेलिंग सांगावे लागले, तर प्रत्येक वेळी काही गिऱ्हाइके वाटेत गळणार, आणि ही गळती किमतीतून वजा होते.

मराठी शब्दांच्या बाबतीत ही कसोटी विशेष कडक आहे. मराठी रोमन लिपीत लिहिण्याची एकच सर्वमान्य पद्धत व्यवहारात नाही. ‘व’ कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. दीर्घ ‘आ’साठी एक ए की दोन, ‘ऊ’साठी यू की दोन ओ, हा प्रश्न कायम असतो. ‘ळ’ला रोमन अक्षरच नाही, म्हणून ‘पोळी’ आणि ‘पोली’ एकसारखेच दिसतात. ‘ज्ञान’ हा शब्द मराठी माणूस डी-एन-वाय लिहून सुरू करतो, हिंदी भाषक जी-वाय लिहितो आणि संस्कृतचा अभ्यासक जे-एन लिहितो. त्यामुळे ज्ञानाशी संबंधित एखादे सुंदर नाव तीन दारांतून गळते, आणि जाणते गिऱ्हाईक तिन्ही स्पेलिंगांची नावे एकत्र मिळत असतील तरच चांगली किंमत देते. याउलट ‘कांदा’, ‘मसाला’, ‘लग्न’ यांसारखे शब्द बहुतेक जण एकाच तऱ्हेने लिहितात. मराठी शब्दांची नावे जमवणाऱ्याने आपली यादी सर्वप्रथम याच निकषावर छाटावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्या नमुन्यातही हीच गोष्ट लपलेली आहे. ‘नाशिक’ आज एसएचने लिहिले जाते, पण जुने इंग्रजी स्पेलिंग नुसत्या एसचे होते आणि ते अजूनही अनेकांच्या हातात बसलेले आहे. एसएचचे नाव आपल्याकडे आणि एसचे दुसऱ्याकडे असेल, तर किंमत थोडी उतरते. दोन्ही आपल्याकडे असतील, तर जोडी म्हणून विकावीत, सुटी विकू नयेत. शहरांच्या नामांतराचाही असाच परिणाम होतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर जुन्या नावांची डोमेन एका दिवसात निरुपयोगी झाली नाहीत, पण नवा व्यवसाय सुरू करणारा माणूस आता त्यांना पहिली पसंती देत नाही.

लांबी, आडवी रेघ आणि अंक यांबद्दल थोडक्यात. रोमन अक्षरांच्या जोडण्यांचा हिशेब साधा आहे : दोन अक्षरांची ६७६, तीन अक्षरांची १७,५७६ आणि चार अक्षरांची ४,५६,९७६ नावे होतात. तीन अक्षरी ‘डॉट कॉम’ नावांना केवळ दुर्मिळतेपोटी भाव आहे. त्यापुढे मात्र लांबीपेक्षा अर्थ महत्त्वाचा ठरतो, आणि दोन ओळखीच्या शब्दांचे बारा अक्षरी नाव सहा अक्षरी निरर्थक नावापेक्षा सहज जास्त किमतीला जाते. आडवी रेघ असलेली नावे रेघेविना असलेल्या नावाच्या अगदी अल्प अंशाने विकली जातात.

विस्तार

त्याच नावाची किंमत विस्तारानुसार कित्येक पटींनी बदलते. भारतीय ग्राहकांपुरता व्यवसाय असेल, तर ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ हे दोनच विस्तार गंभीरपणे विचारात घ्यावेत. ‘डॉट इन’ २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आज लोकांना त्याची पुरती सवय झाली आहे. तरीही त्याच शब्दाचे ‘डॉट कॉम’ चालू, मोठ्या आणि त्याच क्षेत्रातील व्यवसायाकडे असेल, तर ‘डॉट इन’चे मूल्य घटते आणि तंट्याचा धोका वाढतो.

‘डॉट एआय’ हा अँग्विला या छोट्या कॅरिबियन बेटाचा देशसंकेत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे त्याला भाव आला, पण ही मागणी एका उद्योगाच्या तेजीवर उभी आहे आणि त्याची नोंदणी किमान दोन वर्षांसाठी करावी लागते. ‘डॉट आयओ’ ज्या ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा संकेत आहे, त्याचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या. देशसंकेताच्या मागे राजकारण असते, एवढे त्यातून समजून घ्यावे.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ विस्तार २०१४ मध्ये सुरू झाला आणि मराठीही त्यात आली. मला हा विस्तार मनापासून हवासा वाटतो. पण पुनर्विक्रीचा प्रश्न असेल, तर खरे सांगितलेच पाहिजे : येथे गिऱ्हाइके फार थोडी आहेत. संगणकाच्या आत हे नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन मजकुरात बदलते, आणि कित्येक अर्जांत व ईमेल सेवांत असा पत्ता अजूनही स्वीकारला जात नाही. असे नाव वापरण्यासाठी जरूर घ्यावे, विकून नफा मिळवण्यासाठी घेऊ नये.

नावाचा पूर्वेतिहास

नाव पूर्वी कोणी वापरले होते का, हे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाहावे. तेथे जुगार, नकली औषधे किंवा यांत्रिकपणे बनवलेल्या पानांचा ढीग दिसला, तर शोधयंत्रांत आणि ईमेलच्या काळ्या याद्यांत त्या नावाची पत गेलेली असण्याची शक्यता असते. चांगला इतिहास, जिवंत दुवे आणि रोज आपसूक येणारे वाचक यांना मात्र स्वतंत्र किंमत आहे, आणि त्यांचा पुरावा आकड्यांत दाखवता आला पाहिजे. शोधशब्द जसाच्या तसा नावात असला की शोधयंत्र वर नेते, ही समजूत आता धरून बसू नये. गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच निकृष्ट दर्जाच्या अशा संकेतस्थळांचा तो लाभ कमी केला आहे.

तुलनात्मक विक्री

घराची किंमत ठरवताना आपण त्याच गल्लीतील अलीकडचे व्यवहार विचारतो. येथेही तेच करायचे आहे. नेमबायोसारख्या संग्रहात जाहीर झालेल्या विक्रींच्या नोंदी शोधता येतात. तुलना निवडताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : विस्तार, रचना, उद्योग आणि काळ. ‘नाशिकसोलर’साठी अमेरिकेतील शहर आणि सोलर या जोडणीची विक्री रचनेपुरती उपयोगी आहे, किमतीपुरती नाही, कारण तेथील एका कंत्राटाची रक्कम आणि जाहिरातीचा खर्च वेगळा आहे. त्याऐवजी भारतीय शहर आणि कोणतीही घरगुती सेवा अशा जोडण्या शोधाव्यात, गेल्या तीन-चार वर्षांतील दहा-बारा नोंदी काढाव्यात, सर्वांत वरच्या दोन आणि खालच्या दोन वगळाव्यात आणि उरलेल्यांचा मध्य पाहावा.

या कामात तीन सापळे आहेत. पहिला सापळा गाजलेल्या व्यवहारांचा. ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना गेले आणि फेसबुकने २०१० मध्ये ‘एफबी डॉट कॉम’साठी ८५ लाख डॉलर मोजले, हे खरे आहे, पण त्यावरून आपल्या नावाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ‘कारइन्शुरन्स डॉट कॉम’ची २०१० मधील ४ कोटी ९७ लाख डॉलरची विक्री नेहमी उद्धृत होते, तेव्हा त्यात चालता व्यवसाय सामील होता, हे बहुधा सांगितले जात नाही.

दुसरा सापळा घाऊक आणि किरकोळ दरांची सरमिसळ करण्याचा. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात बोली लावणारे बहुतेक जण स्वतः व्यापारी असतात आणि पुढे विकायचे म्हणून ते किरकोळ किमतीचा छोटा अंशच देतात. तेच नाव प्रत्यक्ष वापरणाऱ्याने घेतले, तर किंमत पाच ते दहा पट निघू शकते. नोंद कोणत्या ठिकाणच्या विक्रीची आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्याशी तुलना करू नये.

तिसरा सापळा सर्वांत फसवा आहे. संग्रहात विकली गेलेली नावे दिसतात, न विकली गेलेली दिसत नाहीत. विक्रीस ठेवलेल्या नावांपैकी वर्षाला शंभरात एक-दोन विकली जातात, असा या धंद्यातील सर्वसाधारण अंदाज आहे. लाटेच्या काळात तर नोंदी आणखीच दिशाभूल करतात. २०१५ च्या अखेरीस चिनी गुंतवणूकदारांनी चार अक्षरी नावांवर उडी घेतली, दर झपाट्याने चढले आणि पुढल्याच वर्षी कोसळले. त्या शिखरावरील नोंदी आजही संग्रहात आहेत आणि भोळ्या विक्रेत्याला आशा दाखवतात.

गिऱ्हाइकांची यादी

माझ्या मते सगळ्या मूल्यमापनाचा कणा हा आहे, आणि नेमके हेच काम बहुतेक जण टाळतात, कारण त्यात दोन संध्याकाळी जातात. कागद घ्यावा आणि हे नाव उद्या विकत घेऊ शकतील अशा खऱ्या व्यवसायांची यादी करावी. नाशिक, सिन्नर, ओझर परिसरात छतावर सौर पॅनेल बसवणारे कोण आहेत, त्यांपैकी कोणाचे संकेतस्थळ आहे, कोणाचा पत्ता लांबलचक किंवा विचित्र आहे, कोण गूगलवर पैसे देऊन जाहिरात करतो आणि कोण केवळ समाजमाध्यमांवर काम चालवतो, हे प्रत्येकासमोर लिहावे. जाहिरातीवर आधीच खर्च करणारा व्यावसायिक हे उत्तम गिऱ्हाईक, कारण एका चौकशीची किंमत त्याला ठाऊक असते. यादीत पाच नावेही भरली नाहीत, तर घाऊक दरापलीकडची अपेक्षा सोडून द्यावी.

त्यानंतर त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून हिशेब करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती यंत्रणेला कमाल ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे, त्यामुळे या धंद्यात मागणी आहे आणि स्पर्धाही आहे. एका कामातून व्यावसायिकाच्या हाती १५,००० रुपये उरतात, असे मानू या. नावामुळे विश्वास वाढून वर्षाला चार कामे अधिक मिळतील, असेही मानू या. म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये झाले. सावध व्यावसायिक एक-दीड वर्षात पैसे वसूल व्हावेत असे पाहतो, म्हणून त्याची कमाल मर्यादा ६०,००० ते ९०,००० रुपयांच्या आसपास येते. हे आकडे गृहीत आहेत. आपल्या उद्योगातील खरे आकडे तेथे दोन व्यावसायिकांना विचारून भरावेत.

पण या मर्यादेवर आणखी एक छत आहे, ते पर्यायाचे. तोच माणूस ‘नाशिक’ आणि ‘सोलर’ यांच्यामध्ये वा पुढे एखादा शब्द घालून हजार-दीड हजार रुपयांत नवे नाव नोंदवू शकतो. तो पर्याय जितका सुबक, तितकी आपल्या नावाची किंमत कमी. पाच-सहा पर्यायी नावे स्वतः शोधून पाहावीत. सगळी चांगली नावे आधीच गेलेली असतील, तर आपला हात वर आहे.

यंत्राने दिलेला आकडा

एस्टीबॉट, गोडॅडी यांच्यासारख्या ठिकाणी नाव टाकताच किंमत सांगणारी साधने आहेत. त्यांचा उपयोग पन्नास नावांतून कोणती आधी पाहावी हे ठरवण्यापुरता करावा. मराठी शब्द, भारतीय शहरांची दोन-दोन स्पेलिंगे आणि स्थानिक बाजार या गोष्टी त्यांना नीट पेलत नाहीत. अशाच एका साधनाने माझ्या एका मराठी नावाचे तुकडे चुकीच्या जागी पाडून त्यातून भलताच इंग्रजी शब्द काढला होता आणि त्या शब्दाच्या भावाने किंमत लावली होती. गिऱ्हाइकासमोर असा आकडा पुरावा म्हणून ठेवू नये. त्याने दुसऱ्या साधनाचा कमी आकडा दाखवला, की बोलणे तेथेच संपते.

एक इशारा स्वतंत्रपणे देतो. ‘तुमचे नाव मोठ्या किमतीला घेतो, फक्त अमुक संस्थेकडून मूल्यांकनाचे प्रमाणपत्र आणा’ असा ईमेल आला, तर ती फसवणूक समजावी. प्रमाणपत्राचे पैसे भरले, की गिऱ्हाईक नाहीसे होते.

तीन आकडे लिहून ठेवावेत

आता कागदावर तीन किमती लिहाव्यात. पहिली, आज व्यापाऱ्याला विकले तर मिळेल ती घाऊक किंमत. दुसरी, प्रत्यक्ष वापरणाऱ्याला सांगायची किंमत. तिसरी, जिच्याखाली आपण उतरणार नाही ती तळाची किंमत. तुलनात्मक विक्रीचा मध्य आणि गिऱ्हाइकाच्या हिशेबातील मर्यादा यांत मोठी तफावत आली, तर कमी आकड्याकडे झुकावे.

मग नाव ठेवणे परवडते का, हे तपासावे. सांगायची किंमत ८०,००० रुपये धरली आणि विक्रीमंचाची दलाली २० टक्के गेली, तर हाती ६४,००० उरतात. वर्षभरात विक्री होण्याची शक्यता दीड टक्का मानली, तर वर्षाची सरासरी अपेक्षा ९६० रुपये येते, आणि नूतनीकरणाला १,२०० रुपये लागत असतील तर हे नाव नुसते पडून राहिल्यास तोट्यात आहे. म्हणून मधल्या दर्जाची नावे ढिगाने जमवणाऱ्यांचे पैसे हळूहळू झिरपून जातात. गिऱ्हाइकांच्या यादीतील लोकांना स्वतः नम्र, छोटे पत्र लिहून ती शक्यता चार-पाच टक्क्यांवर नेता येईल असे वाटत असेल, तरच पुढच्या वर्षाचे शुल्क भरावे. अन्यथा घाऊक दराने सोडून द्यावे.

सौद्याच्या वेळी रक्कम एस्क्रो सेवेतूनच घ्यावी. गिऱ्हाईक पैसे मध्यस्थाकडे जमा करते, मध्यस्थाने रक्कम आल्याचे कळवल्यानंतर आपण कुलूप काढून हस्तांतरणाचा संकेत (नाव हलवण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द) देतो, आणि नाव गिऱ्हाइकाच्या खात्यात पोहोचल्यावर रक्कम आपल्याकडे येते. ‘पैसे आले’ असा ईमेल आला, तरी त्यातील दुव्यावर न जाता सेवेच्या खात्यात स्वतः शिरून खात्री करावी. ‘डॉट कॉम’ नाव नुकतेच नोंदवले किंवा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवले असेल, तर साधारणपणे ६० दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी आणि त्याच रजिस्ट्रारच्या दुसऱ्या खात्यात नाव वर्ग करण्याचा पर्याय द्यावा. विक्रीचे उत्पन्न धंद्याचे धरायचे की भांडवली नफ्याचे, हे आपण नावांची खरेदी-विक्री किती नियमितपणे करतो यावर अवलंबून असल्याने, रक्कम मोठी असेल तर करार करण्यापूर्वीच चार्टर्ड अकाउंटंटना भेटावे आणि करापोटी जाणारा भाग तळाच्या किमतीत आधीच मिळवून ठेवावा.